लिथियम: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायनशास्त्र शिकवत असताना लिथियमविषयी प्रश्न आला, तर तो परीक्षेच्या तोंडावरच येत असे. आता तो उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये, दवाखान्याच्या बाकावर आणि लग्नाच्या पंगतीतही कानावर पडतो. त्यातले जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते उत्तरांसह येथे दिले आहेत. वाचण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात ठेवावी, अशी विनंती आहे. ‘लिथियम’ हा एकच शब्द आपण चार निरनिराळ्या वस्तूंसाठी वापरतो: तेलात बुडवून ठेवलेला शुद्ध धातू, खाणीतले खनिज, औषधाच्या गोळीतला क्षार आणि बॅटरीत ये-जा करणारा आयन (विद्युतभारित अणू). बोलणे कोणत्या रूपाविषयी चालले आहे, हे आधी विचारून घेतले, तर बरेचसे गैरसमज तिथेच मिटतात.

लिथियम म्हणजे नेमके काय?

लिथियम हे अणुक्रमांक ३ असलेले मूलद्रव्य आहे. हायड्रोजन आणि हेलियमनंतर त्याचाच क्रमांक लागतो आणि सर्व धातूंमध्ये ते सर्वांत हलके आहे. त्याची घनता प्रति घन सेंटिमीटर ०.५३४ ग्रॅम, म्हणजे पाण्याच्या जेमतेम निम्मी आहे. ते १८०.५ अंश सेल्सिअसला वितळते. सोडियम आणि पोटॅशियम यांच्याप्रमाणे ते अल्क धातूंच्या कुळातले असून त्याच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. हा इलेक्ट्रॉन देऊन टाकण्याची त्याची ओढ आणि त्याचे नगण्य वजन, या दोन गुणांमध्येच बॅटरीतली त्याची उपयुक्तता दडलेली आहे. निसर्गात ते शुद्ध धातूच्या रूपात कधीच सापडत नाही, याचे कारणही ही ओढच आहे.

हा धातू प्रत्यक्षात कसा दिसतो?

प्रयोगशाळेत लिथियम खनिज तेलात ठेवतात, पण ते तेलापेक्षाही हलके असल्यामुळे वर तरंगते आणि त्याला बुडवून ठेवण्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते. चिमट्याने तुकडा बाहेर काढला, तर तो राखाडी आणि मळकट दिसतो. चाकूने कापताना थोडा जोर लागतो, सोडियमइतका तो मऊ नसतो. कापलेली कड मात्र क्षणभर नव्या चांदीसारखी झळकते. कोल्हापुरातल्या जुलैच्या दमट हवेत ती झळाळी विद्यार्थ्यांना नीट दाखवायलाही वेळ मिळत नसे. बघता बघता कडेवर काळसर पापुद्रा चढे, कारण लिथियम हवेतल्या बाष्पाशी तर संयोग पावतेच, पण साध्या तापमानाला हवेतल्या नायट्रोजनशीही पावते. नायट्रोजनशी अशी सलगी करणारा दुसरा अल्क धातू नाही.

मसुराएवढा तुकडा पाण्यावर टाकला, तर तो फसफसत फिरतो आणि हायड्रोजन वायू सोडतो, पण सोडियमसारखा वितळून गोळी होत नाही. त्याचा क्षार ज्योतीत धरला की ज्योत गडद किरमिजी होते. हा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, असे मला मनापासून वाटते.

त्याचा शोध कोणी लावला?

स्वीडनचे योहान ऑगस्ट आरफ्वेडसन यांनी १८१७ साली पेटॅलाईट या खनिजाचे पृथक्करण करताना लावला. दगडात सापडले म्हणून ग्रीक भाषेतल्या ‘लिथोस’, म्हणजे दगड, या शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. धातू वेगळा काढणे आरफ्वेडसन यांना जमले नाही. ते १८२१ मध्ये विद्युत अपघटनाने साध्य झाले.

जगात लिथियम कोठून मिळते?

मुख्यतः दोन ठिकाणांहून: कठीण खडकातून आणि खाऱ्या पाण्यातून.

खडकातले लिथियम प्रामुख्याने स्पॉड्युमिन या खनिजात असते. पश्चिम ऑस्ट्रेलियातली ग्रीनबुशेस ही त्याची जगप्रसिद्ध खाण आहे आणि खाणीतून निघणाऱ्या लिथियममध्ये आज ऑस्ट्रेलियाच आघाडीवर आहे. स्पॉड्युमिन मूळ स्वरूपात इतके घट्ट असते, की आम्लाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून ते आधी भट्टीत सुमारे १०५० अंशांपर्यंत भाजतात. त्या उष्णतेत त्याच्या स्फटिकाची रचना बदलून सैल होते आणि मगच गंधकाम्लाने त्यातले लिथियम बाहेर काढता येते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ज्यांनी आयुष्य काढले आहे, त्यांना या एका टप्प्यावर किती इंधन जळत असेल, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा स्रोत दक्षिण अमेरिकेत, चिली, अर्जेंटिना आणि बोलिव्हिया या देशांतल्या उंचावरच्या क्षारमैदानांखाली आहे. चिलीतल्या आटाकामा मैदानाखालचे खारे पाणी उपसून ते विस्तीर्ण उथळ तलावांत वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ उन्हात आटवतात. आपल्यापैकी अनेकांनी शिरोड्याची मिठागरे पाहिली असतील. तिथे खाली बसलेले मीठ हे पीक असते आणि उरलेले पाणी सोडून देतात. आटाकामात नेमके उलटे घडते. आधी बसणारे मीठ बाजूला सारतात आणि शेवटी उरलेल्या दाट पाण्याला जपतात, कारण लिथियम त्यात असते. त्या पाण्यात सोडा ॲश मिसळली की लिथियम कार्बोनेटची पांढरी भुकटी खाली बसते. हा मार्ग स्वस्त असला, तरी जगातल्या अत्यंत कोरड्या प्रदेशात जमिनीखालचे पाणी असे हवेत उडवून द्यावे लागते आणि त्याची झळ तिथल्या मूळ रहिवाशांना सोसावी लागते. आपल्या स्वच्छ वाहनांची ही किंमत आहे आणि ती कोणी तरी दूरवर मोजत आहे, याचा विसर पडू नये.

समुद्राच्या पाण्यातही लिथियम आहे, पण एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅमचा पाचवा हिस्साही भरत नाही.

भारतात लिथियमचे साठे आहेत का?

फेब्रुवारी २०२३ मध्ये खाण मंत्रालयाने जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यातल्या सलाल-हैमाना भागात ५९ लाख टनांचा साठा असल्याचे जाहीर केले. तेव्हापासून ‘आता भारत लिथियमचा राजा होणार’ असे अनेक संदेश फिरले आणि आजही फिरतात. इथे सुरुवातीला सांगितलेला प्रश्न विचारावा: ५९ लाख टन कशाचे? हा आकडा धातूचा नसून खनिजाचा आहे आणि तोही ‘जी-३’ या प्राथमिक पातळीवरचा अंदाज आहे. जमिनीत काय आहे याची ती पहिली चाहूल समजावी. त्यानंतर सखोल वेधन (ड्रिलिंग), खनिजातून लिथियम काढण्याची परवडणारी पद्धत, खाण आणि शुद्धीकरण हे सगळे टप्पे यायचे असतात. या खंडासाठी (म्हणजे खाणकामासाठी आखलेल्या ब्लॉकसाठी) पुरेसे बोलीदार पुढे न आल्यामुळे पहिला लिलाव रद्द करावा लागला, ही बातमी मात्र त्या संदेशांइतकी फिरली नाही.

कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या मार्लगल्ला-अल्लापटना भागात सुमारे १६०० टनांचा साठा अनुमानित आहे. छत्तीसगडच्या कोरबा जिल्ह्यातल्या कटघोरा खंडाचा लिलाव २०२४ मध्ये यशस्वी झाला. त्याआधी लिथियमची गणना अणुखनिजांमध्ये होत असे आणि खासगी कंपन्यांना तिथे वाव नव्हता. २०२३च्या कायदादुरुस्तीने ते बंधन दूर झाले. ‘खनिज बिदेश इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतात पाच खंडांसाठी करार केला आहे. शुद्धीकरणावर आज चीनची पकड आहे आणि माझ्या मते भारतासमोरचा खरा प्रश्न खाणीपेक्षा शुद्धीकरणाचाच आहे.

आपल्या जिल्ह्यात बॉक्साइट आहे. मग लिथियमही सापडेल का?

राधानगरी, शाहूवाडी आणि चंदगड परिसरातले बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज, आणि रियासीचे बॉक्साइट यांचा संबंध जोडून हा प्रश्न बरेच जण विचारतात. रियासीत लिथियम बॉक्साइटच्या थरांबरोबर आढळले, हे खरे आहे. मात्र आपले बॉक्साइट काळ्या बेसॉल्ट खडकावर लाखो वर्षे पाऊस कोसळून, विरघळण्याजोगे सगळे वाहून गेल्यानंतर उरलेले आहे. कोल्हापूर जिल्ह्याचा बहुतांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे आणि अशा खडकात मुळातच लिथियम फार कमी असते.

लिथियम कोठे साठते, हे समजण्यासाठी साखर कारखान्याची आठवण करावी. पाक आटत गेला की साखरेचे दाणे धरतात आणि त्या दाण्यांत जे बसू शकत नाही, ते सगळे मळीत उरते. ग्रॅनाईटचा शिलारस थंड होतानाही असेच घडते. लिथियमचा आयन आकाराने इतका लहान असतो, की तो नेहमीच्या खनिजांच्या स्फटिकांत सहजासहजी सामावत नाही. तो शेवटच्या उरलेल्या रसात दाटत जातो आणि त्या रसापासून पेग्मटाईट नावाचा भरड स्फटिकांचा खडक तयार होतो. स्पॉड्युमिन शोधायचे, तर असा खडक हवा. आपल्या काळ्या कातळात तो मिळण्याची आशा धरू नये, आणि ‘शेतात लिथियम आहे’ असे सांगून तपासणीसाठी पैसे मागणाऱ्यांपासून शेतकरी बांधवांनी कटाक्षाने दूर राहावे.

लिथियम-आयन बॅटरीत लिथियम किती असते आणि ते काय करते?

मोबाईलच्या ५००० मिलिअँपियर-तासांच्या बॅटरीत साधारण दीड ग्रॅम आणि ३ किलोवॅट-तासांच्या स्कूटरच्या बॅटरीत साधारण पाव किलो. बाकीचे वजन तांबे, ॲल्युमिनियम, ग्रॅफाईट, लोह किंवा निकेलची संयुगे आणि वेष्टन यांचे असते.

बॅटरीत लिथियम धातूच्या रूपात नसते. चार्ज करताना त्याचे आयन एका अग्रातून (इलेक्ट्रोडमधून) निघून ग्रॅफाईटच्या पापुद्र्यांमध्ये जाऊन बसतात आणि गाडी चालवताना तेच आयन माघारी येतात. तेवढेच इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून मोटारीकडे वाहतात. आयन लहान असल्यामुळे तो पापुद्र्यांची फारशी मोडतोड न करता हजारो वेळा ये-जा करू शकतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा एक सेल सुमारे २ व्होल्ट देतो, तर लिथियम-आयनचा सेल ३.२ ते ३.७ व्होल्ट देतो आणि तोही कितीतरी कमी वजनात. सोनी कंपनीने १९९१ मध्ये ही बॅटरी बाजारात आणली. तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्कूटर घेताना ‘एलएफपी’ चांगली की ‘एनएमसी’?

हे दोन्ही लिथियम-आयन बॅटरीचेच प्रकार आहेत. एलएफपीमध्ये लोह आणि फॉस्फेट असते, तर एनएमसीमध्ये निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट. एनएमसी तेवढ्याच वजनात अधिक अंतर चालवते. एलएफपी थोडी जड असते, पण उष्णता अधिक सोसते, सहजासहजी भडकत नाही आणि जास्त वर्षे टिकते. शहरात रोज वीस-पंचवीस किलोमीटर फिरणाऱ्या आणि गाडी उन्हात उभी करावी लागणाऱ्या कुटुंबाला मी एलएफपीच सुचवतो. घरच्या इन्व्हर्टरलाही हेच लागू होते.

पुरात बुडालेली इलेक्ट्रिक गाडी वाळवून वापरता येते का?

येत नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर मी मुद्दाम विस्ताराने देत आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते, तेव्हा सुतारवाड्यापासून शाहूपुरीपर्यंत काय होते, हे २०१९ आणि २०२१ मध्ये आपण सर्वांनी अनुभवले आहे. पेट्रोलची गाडी पुरातून बाहेर काढून, तेल बदलून, पुन्हा रस्त्यावर आणण्यात आपल्या मेकॅनिकांचा हातखंडा आहे. हीच रीत लिथियमच्या बॅटरीला लावली, तर जीवावर बेतू शकते.

ओळखीच्या एका कुटुंबाची स्कूटर २०२१ च्या पुरात तीन दिवस तळमजल्यावर पाण्यात होती. मेकॅनिकने बॅटरी चार दिवस उन्हात वाळवली, वरून स्वच्छ पुसली आणि चार्जिंगला लावा, असे सांगितले. रात्री तिच्यातून सूं-सूं आवाज आणि गोडसर, झोंबणारा वास येऊ लागला. घरच्यांनी प्लग काढून ती अंगणात ओढली, म्हणून पुढचा अनर्थ टळला. नंतर ती उघडलेली मी पाहिली. सेलच्या ओळींमध्ये नदीचा बारीक गाळ बोटभर बसला होता, नियंत्रक पट्टीवरचे तांबे हिरवे पडले होते आणि दोन सेलच्या तोंडाशी पांढरा खार जमला होता. बाहेरचे झाकण मात्र नव्यासारखे होते.

गाडीवर ‘आयपी ६७’ लिहिलेले असते, त्यावर लोक विसंबतात. त्याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे तग धरणे एवढाच आहे. आपल्याकडे पाणी तीन-चार दिवस साचून राहते आणि त्यात गाळ व सांडपाणी मिसळलेले असते. आत शिरलेल्या पाण्यामुळे सेलच्या टोकांमध्ये वीज झिरपत राहते, धातू गंजतो आणि कधी कधी पूर ओसरल्यानंतर कित्येक दिवसांनी आतल्या आत शॉर्टसर्किट होते. म्हणून बुडालेली गाडी सुरू करू नये, चार्जिंगला लावू नये, घरापासून आणि इतर वाहनांपासून दूर मोकळ्यावर ठेवावी, आणि कंपनीच्या अधिकृत केंद्राला कळवून बॅटरी त्यांच्याकडूनच तपासून घ्यावी. इशारा पातळीची बातमी येताच शक्य असेल तर गाडी उंच भागात नेऊन ठेवावी, हे सर्वांत उत्तम.

लिथियम पाण्यात पेटते, मग बॅटरीच्या आगीवर पाणी कसे मारायचे?

पाण्याशी झटापट करतो तो शुद्ध धातू. लिथियम-आयन बॅटरीत लिथियम संयुगाच्या रूपात असते आणि आग भडकते ती मुख्यतः आतल्या ज्वलनशील द्रावणामुळे. एक सेल अतितप्त झाला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. ही साखळी तोडण्यासाठी सेल थंड करावे लागतात आणि त्यासाठी भरपूर पाणीच कामी येते. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा विझल्यासारख्या दिसतात, पण आतली उष्णता कायम राहते आणि बॅटरी पुन्हा पेटते. सामान्य माणसाने मात्र या भानगडीत न पडता, सर्वांना बाहेर काढून अग्निशमन दलाला १०१ क्रमांकावर कळवावे. धुरात हायड्रोजन फ्लोराईड हा घातक वायू असतो, तो अजिबात हुंगू नये.

ग्रीसमध्येही लिथियम असते, हे खरे का?

होय, आणि कोल्हापूरचा लिथियमशी सर्वांत जुना परिचय बहुधा याच मार्गाने झाला असावा. एरंडेल तेलापासून मिळणाऱ्या मेदाम्लाची लिथियम हायड्रॉक्साईडशी अभिक्रिया केली, की एक प्रकारचा साबण बनतो. हा साबण स्पंजासारखे तेल धरून ठेवतो, त्यालाच आपण लिथियम ग्रीस म्हणतो. कॅल्शियमचे जुने ग्रीस उष्णतेने पातळ होई आणि सोडियमचे पाण्याने धुऊन जाई. लिथियमचे ग्रीस या दोन्ही परीक्षांना उतरले. गुऱ्हाळातल्या चरकाच्या बेअरिंगवर एकीकडून रसाचा ओलावा आणि दुसरीकडून घर्षणाची उष्णता असते; तिथे त्याचे मोल कळते. त्यात प्रत्यक्ष लिथियम अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. बेअरिंगमधले जुने ग्रीस पुरते पुसल्याशिवाय निराळ्या प्रकारचे भरू नये, कारण दोन साबण एकमेकांत मिसळले तर ग्रीस पातळ होऊन गळून जाऊ शकते.

आणखी कोठे वापरतात?

काच आणि सिरॅमिकमध्ये ते मिसळले की मिश्रण कमी तापमानाला वितळते आणि तयार वस्तू उष्णतेने कमी प्रसरण पावते. शेगडीवरच्या न तडकणाऱ्या काचेचे हे रहस्य आहे. ॲल्युमिनियममध्ये एक टक्का लिथियम घातले की मिश्रधातूची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणून विमानांत त्याला मागणी आहे. अंतराळयानात उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साईड शोषून घेण्यासाठी लिथियम हायड्रॉक्साईड वापरतात.

मानसिक आजारावर लिथियमच्या गोळ्या देतात. त्या घातक आहेत का?

योग्य मात्रेत त्या अनेकांसाठी जीवनदायी आहेत. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा परिणाम प्रसिद्ध केला आणि द्विध्रुवीय (बायपोलर) विकारात ते आजही प्रमुख औषध आहे. गोळीत असते ते लिथियम कार्बोनेट. बॅटरीच्या आगीशी त्याचा काही संबंध नाही, आणि ‘बॅटरीचे औषध’ म्हणून घरच्यांनी रुग्णाच्या मनात भीती घालू नये.

काळजी घ्यायची ती मात्रेची. रक्तातली उपयुक्त पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर असते आणि १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. हे अंतर फार थोडे असल्यामुळे रक्ततपासणी, तसेच मूत्रपिंड आणि थायरॉईडची तपासणी, ठरलेल्या वेळी व्हायलाच हवी. मूत्रपिंड लिथियमला मिठासारखेच वागवते. शरीरातले मीठ किंवा पाणी कमी झाले, की ते मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवते आणि रक्तातली पातळी वाढते. त्यामुळे निर्जळी किंवा अळणी उपवास, जुलाब-उलट्या, भट्टीजवळचे घामाचे काम आणि अंगदुखीवर परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, या सगळ्यांची कल्पना डॉक्टरांना आधी द्यावी. हाताला जास्त कंप सुटणे, जीभ जड होणे, चालताना तोल जाणे किंवा सतत उलट्या होणे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, कारण आजार तीव्रतेने उलटू शकतो.

लहान मुलाने बटण-सेल गिळला, तर?

एक मिनिटही वाट पाहू नये. रिमोटमध्ये असलेला ‘सीआर २०३२’ हा सेल २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३ व्होल्टचा असतो आणि तो मुलाच्या अन्ननलिकेत अडकण्याच्याच मापाचा आहे. तिथल्या ओलाव्यात वीज वाहू लागली, की दाहक अल्क तयार होते आणि दोन तासांत गंभीर भाजणे होऊ शकते. सेल जुना असला तरी हा धोका राहतो. उलटी करवू नये, थेट कोल्हापुरातल्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेऊन एक्स-रे काढण्यास सांगावे. सेलचे वेष्टन हाती असेल, तर तेही सोबत न्यावे.

जुन्या बॅटरी कोठे द्याव्यात?

घंटागाडीत टाकू नयेत. कचरा दाबला जाताना सेल चिरडला, तर संपूर्ण गाडीला आग लागू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटरी परत घेऊन पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून विक्रेत्याकडे किंवा कंपनीच्या केंद्रात द्याव्यात आणि घेण्यास नकार मिळाल्यास या नियमांचा आग्रहाने उल्लेख करावा. भंगारवाल्या दादांना नाइलाजाने द्यावी लागली, तर ती लिथियमची आहे, हे त्यांना तोंडाने सांगावे. शिशाची समजून तिच्यावर हातोडा चालवला, तर इजा त्यांना होते. देण्यापूर्वी दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी. फुगलेली बॅटरी असेल, तर तिला टोचू नये. वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर सावलीत ठेवावी आणि केंद्राला फोन करावा.